घरात विशेष माणूस असेल तर वाचा: बेळगावच्या टिळकवाडीतल्या या दाताच्या दवाखान्याचा सविस्तर रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते पुढं सांगते. रिव्ह्यू लांबलाय पण ज्यांच्या घरात बौद्धिक अपंगत्व असलेलं माणूस आहे, आणि तेही लहान मूल नाही तर दाढी-मिशा आलेलं वाढलेलं माणूस, त्यांनी पूर्ण वाचा. दात दाखवायला ह्यांना कुठं न्यायचं हा प्रश्न आमच्या भागात अशा प्रत्येक घरात आहे आणि नीट उत्तर कुणी सांगत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात, क्लिनिक स्वच्छ, डॉक्टर मॅडम घाई करत नाहीत, रेट इतर ठिकाणांसारखेच, जिना आहे.

माझा मोठा भाऊ, दादा, चाळिशी ओलांडलेला. आम्ही खानापूर तालुक्यातले. त्याला बोलायला मोजके शब्द येतात, बाकी सगळं हातानं आणि चेहऱ्यानं सांगतो, घरात आम्हाला कळतं. लहानपणापासून फिट येतात, त्याची गोळी चालू आहे. बसचं भारी वेड, अक्षर वाचता येत नाही पण खानापूर स्टँडवर उभा केला की नंदगडची गाडी कुठली आणि हल्याळची कुठली ते बरोबर दाखवतो, आणि प्रवासाचं तिकीट घरी येईपर्यंत मुठीतनं सोडत नाही. हे तिकिटाचं मुद्दाम सांगतेय, पुढं येतंय.

गेल्या पावसाळ्यात त्यानं भाकरी सोडली. नुसता आमटी-भात, तोही एकाच बाजूनं चावून. रात्री उठून बसायचा आणि डाव्या गालावर स्वतःच थापडा मारून घ्यायचा, हात धरला की ओरडायचा. आधी जिथं दाखवलं तिथलं नाव घेत नाही, पण तिथं तोंड उघडून बघितलं सुद्धा नाही. "अशी माणसं असंच करतात ओ, वय वाढलं की जास्त होतं" म्हणून शांत राहायची गोळी लिहून दिली. गोळीनं दादा दिवसभर पेंगायला लागला आणि गालावर मारणं होतं तसंच. दुसऱ्या एका ठिकाणी म्हणाले पूर्ण भूल दिल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही, आणि भूल आमच्याकडं देत नाहीत. म्हणजे विषय संपला.

माझा सगळा राग ह्याच गोष्टीवर आहे. ज्याला दुखणं शब्दात सांगता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातनं बाहेर पडतं. डोकं आपटणं, स्वतःला चावणं, जेवण सोडणं, झोप उडणं, एकदम चिडचिड. त्याच्यामागं किडलेली दाढ असते, कानात पू असतो, छातीत जळजळ असते, आठ दिवस पोट साफ झालेलं नसतं, आणि समोरचा डॉक्टर ते सगळं अपंगत्वाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. हे आपल्याकडंच होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या मृत्यूंची मोठी चौकशी झाली, 2013 साली तिचा अहवाल आला, त्यात असे पुरुष बाकीच्यांपेक्षा सरासरी 13 वर्षं आणि बायका 20 वर्षं लवकर गेलेल्या दिसल्या, आणि निदानाला, उपचाराला झालेला उशीर हे त्यातलं मोठं कारण होतं. तिथं वय वर्षं 14 पासून अशा माणसांची वर्षातनं एकदा पूर्ण तपासणी करायची पद्धत आहे. आपल्याकडं तपासणी राहू दे, तोंड उघडून तरी बघा एवढंच म्हणणं आहे.

तर आता क्लिनिक. नंबर विशेष शाळेतल्या एका बाईंनी दिला. फोन केला तर रिसेप्शनच्या ताईनं नाव आणि वय विचारल्यावर लगेच विचारलं, त्यांना आवडतं काय आणि भीती कशाची वाटते? मी दोन सेकंद गप्पच झाले, इतक्या वर्षांत कुठल्याच दवाखान्यात हे कुणी विचारलेलं नाही. मग तिनं व्हॉट्सअपवर एका पानाचा फॉर्म पाठवला. घरात हाक काय मारता, दुखलं तर तो काय म्हणतो किंवा काय करतो, नको असेल तर कसं सांगतो, कुठं हात लावलेला चालत नाही, कुठला आवाज सहन होत नाही, फिट येते का, शेवटची कधी आली, येण्याआधी काय दिसतं, गोळ्या कुठल्या आणि किती वाजता. मी लिहिलं की दुखण्याला तो "बाऊ" म्हणतो, मिक्सरच्या आवाजाला कान झाकतो, मागनं कुणी डोक्याला हात लावलेला चालत नाही, आणि बसबद्दल बोललं की खुलतो. आता हाच कागद आम्ही झेरॉक्स काढून दादाच्या फाईलमध्ये पुढंच लावलाय आणि कुठल्याही दवाखान्यात गेलो की आधी तो पुढं करतो. तुम्हीपण असा कागद करून ठेवा, कुठं जावा न जावा.

वेळ त्यांनी दुपारची दिली, जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली, म्हणजे बाहेर गर्दी नाही आणि थांबायला लागत नाही. सकाळची फिटची गोळी चुकवू नका आणि उपाशी आणू नका असं आदल्या दिवशी फोन करून सांगितलं. आत गेल्यावर मॅडम खुर्चीजवळ नव्हत्याच, दारातच उभ्या होत्या आणि माझ्याकडं न बघता दादाकडं बघून बोलल्या, "या दादा, कुठल्या गाडीनं आलासा?" दादानं मूठ उघडून तिकीट दाखवलं. त्यांनी ते नीट बघितलं, "खानापूर-बेळगाव, होय की!" म्हणाल्या आणि त्याच्याच हातात परत दिलं. त्या दिवशी दादा खुर्चीत बसलाच नाही. उभ्या उभ्या त्यांनी त्याच्या हातात छोटा आरसा दिला, आधी माझं तोंड उघडून माझे दात त्याला दाखवले, मग त्याला त्याचेच दाखवले, टॉर्च मारला तेव्हा डोळ्यावर काळा चष्मा दिला. खालची डावी दाढ पार पोखरलेली आणि शेजारी हिरडीवर पुवाचा फोड. मॅडम म्हणाल्या, "हे एवढं असताना माणूस गालावर मारून घेणार नाही तर काय करणार?"

हे ऐकून मला रडायला आलं ते मी सांगूनच टाकते. एवढे दिवस दादा सांगतच होता की.

पू असल्यामुळं अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी लगेच चालू केली, ती फिटच्या गोळीबरोबर चालते का ते स्वतः बघून. आणि दाढ काढायची घाई केली नाही. ताप आला, गालाची सूज डोळ्याकडं किंवा गळ्याकडं चढली, गिळायला त्रास व्हायला लागला तर रात्र असली तरी थांबू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्या, हे मात्र दोनदा बजावून सांगितलं. सूज उतरेपर्यंतच्या दिवसांत दादाला नुसतं येऊन बसायची सवय लावली. एकदा फक्त खुर्चीत बसायचं आणि खुर्ची वर-खाली करायची, त्याला ते इतकं आवडलं की उतरायला तयार नव्हता. एकदा वारा मारायची नळी आधी त्याच्या तळहातावर, मग गालावर, मग तोंडात. थुंकी ओढणाऱ्या नळीचा आवाज त्याला सहन होईना म्हणून ती बंदच ठेवली आणि सिस्टर कापसाच्या बोळ्यानं टिपत राहिल्या. काय करणार ते आधी सांगायचं, मग दाखवायचं, मगच करायचं. लहान मुलांच्या दाताच्या डॉक्टरांना हे कॉलेजात शिकवतात, पण मोठ्या माणसावर कोणी वापरताना मी पहिल्यांदाच बघितलं. आणि एक गोष्ट, मॅडमनी दहापर्यंत बोटं मोजायची आणि दहाला हात बाहेर काढायचा असं दादाशी ठरवलं, आणि खरंच दहाला काढला, काम अर्धं राहिलं तरी. दादाला मोजता येत नाही पण दहा बोटं संपली की संपलं हे कळतं, त्यामुळं त्याचा विश्वास बसला. बऱ्याच ठिकाणी "झालं, झालं, झालं" म्हणत अजून पाच मिनिटं चालवतात, मग पुढच्या वेळी ते माणूस दारात पण येत नाही.

दाढ काढली त्या दिवशी हिरडीवर आधी बधिर करायचं जेल, मग इंजेक्शन, तिकीट उजव्या हातात, डावा हात माझ्याकडं. ओरडला एकदा, सुई टोचताना. नंतर नाही. रक्त थांबायला कापडाची घडी चावायला देतात ती तो गिळेल म्हणून लांब पट्टी दिली, अर्धी बाहेर राहील अशी. आणि सांगितलं की बधिरपणा उतरेपर्यंत, दोन-तीन तास, सतत लक्ष ठेवा, काही खायला देऊ नका, ओठ-गाल बधिर असतो तेव्हा ही माणसं मजा वाटून चावत बसतात आणि जखम करून घेतात. खरंच चावायला लागला होता, बसमध्ये पूर्ण वेळ मी त्याच्या तोंडाकडं बघत बसले. दोन दिवसांनी दादानं रात्रभर झोप घेतली आणि त्याच आठवड्यात भाकरी मागितली, आधी दुधात कुस्करून, मग तशीच.

आता हिरड्यांचं, हे फिट येणाऱ्या सगळ्यांच्या घरच्यांनी वाचा. दादाच्या हिरड्या वर्षानुवर्षं सुजलेल्या, दातावर चढलेल्या, ब्रश लागला की रक्त. सगळे म्हणायचे नीट घासत नाही म्हणून. मॅडमनी फिटच्या गोळीची पट्टी मागितली, फेनिटॉइन नावाचं औषध निघालं. ह्या औषधानं बऱ्याच जणांच्या हिरड्या वाढतात, ते पूर्वीपासून माहीत असलेलं आहे, आणि त्यात दात साफ नसले की अजून वाढतात. आम्हाला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलेलं नव्हतं. पण मॅडमनी गोळी बंद करा असं म्हटलं नाही, उलट स्वतःच्या मनानं एक दिवस पण बंद करायची नाही, एकदम बंद केली तर फिटवर फिट येऊन जीवावर बेतेल, असं दम भरून सांगितलं. त्यांनी फिटचं बघणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टना चिठ्ठी लिहून दिली की हिरड्यांची अवस्था अशी आहे, दुसरं औषध जमेल का बघा. तिकडच्या डॉक्टरांनी हळूहळू बदल चालू केलाय. त्याच चिठ्ठीत त्यांनी ड जीवनसत्त्व तपासायचं पण सुचवलं, कारण अशी औषधं वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होतं आणि हाडं ठिसूळ होतात. तपासलं, कमीच निघालं. दाताच्या डॉक्टरला हाडाचं काय पडलंय असं कुणी म्हणेल, पण दादाला आख्खा माणूस म्हणून बघणारी पहिली डॉक्टर ही दाताचीच निघाली.

बाहेर बसलेलं असताना हुक्केरीकडच्या एक काकू भेटल्या, त्यांच्या मुलीला डाऊन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच्या बौद्धिक अपंगत्वाचा एक प्रकार. तिला खुर्चीत घ्यायच्या आधी मॅडमनी हृदयाचा इको, म्हणजे सोनोग्राफीचा, रिपोर्ट मागितला. डाऊन सिंड्रोमच्या साधारण निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि काही दोषांत दात काढायच्या आधी अँटिबायोटिक द्यायला लागतं, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातनं हृदयापर्यंत जातात. शिवाय ह्या मुलांच्या मानेचे वरचे सांधे सैल असू शकतात म्हणून डोकं मागं ताणायचं नाही, मानेखाली उशी. मुलीचं थायरॉइड दरवर्षी तपासा असंपण काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या मुलगी सुस्त झालीय ते डाऊन सिंड्रोममुळंच असेल असं सगळे म्हणत होते. परत तेच बघा, सगळं अपंगत्वाच्या खात्यावर.

भाषेचं पण लिहायला पाहिजे. मॅडम मूळच्या कन्नड, पण मराठी आपल्या बेळगावचं बोलतात, सिस्टर मराठी. दादाला घरातली मराठीच कळते, आणि ती पण आमच्याच शब्दात. "वेदना होतात का" म्हटलं तर ढिम्म बघत बसेल, "बाऊ कुठं हाय, दुखूलालंय काय" म्हटलं की बोट ठेवतो. सीमाभागात हे फार नडतं. आपण दोन्ही भाषांत निभावून नेतो, विशेष माणसाला ते जमत नाही, त्याला नोंदणीपासून गोळीच्या पाकिटापर्यंत सगळं परकं. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी आयक्यू टेस्ट (बुद्धीची चाचणी) करतात तिथंही माणसाच्या भाषेतच प्रश्न विचारायला पाहिजेत असा आग्रह धरा. बिने-कामत नावाची जी टेस्ट वापरतात ती कामतांनी मराठी आणि कन्नड दोन्हींत बसवलेली आहे, मग मराठी बोलणाऱ्याला कन्नडमध्ये किंवा कन्नड बोलणाऱ्याला मराठीत तपासायचं कारणच नाही. इथल्या कन्नड घरांतल्या मुलांनाही कोल्हापूर-गडहिंग्लजला नेलं की उलट्या बाजूनं हाच त्रास होतो.

आता एक स्टार कशाला कापला ते. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिना उभा आणि कठडा एकाच बाजूला. दादा चालतो म्हणून निभावलं, पण सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हातपाय नीट न चालणारा, मुलगा उचलून आणणारे एक बाप मी तिथंच बघितले, घामानं भिजलेले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 25, स्पष्ट लिहिलंय की सरकारी असो की खाजगी, हॉस्पिटलात सगळीकडं अडथळ्याविना जाता आलं पाहिजे, आणि दिव्यांगांना तपासणीत, उपचारात प्राधान्य मिळालं पाहिजे. त्याच कलमात गावाकडं घराजवळ मोफत उपचाराची पण गोष्ट आहे, उत्पन्नाच्या अटीवर. मॅडमना मी हे तोंडावर सांगितलं, तळमजल्यावर जागा शोधतोय म्हणाल्या. तोपर्यंत खाली येऊन तपासतील असं म्हणाल्या, पण खाली कुठं? पार्किंगमध्ये? पटलं नाही मला. दुसरं, टॉयलेट अरुंद, आत माणसाबरोबर दुसऱ्याला उभं राहता येत नाही, आणि आमच्यासारख्यांना आत बरोबर जायलाच लागतं. तिसरं, संमतीचा फॉर्म कन्नड आणि इंग्लिशमध्येच आहे, मराठीत पण ठेवा. सिस्टरनी वाचून समजावला हे खरं, पण आपल्या हातात वाचायला पाहिजे.

संमतीवरनं एक कामाची गोष्ट. माणूस 18 चं झालं की आई-वडील किंवा भाऊ-बहीण आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, आणि मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळी सही कुणाची म्हणून अडतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी, तिच्याकडं अर्ज करून पालकत्वाचा कागद घ्या. वेळ लागतो, म्हणून गरज पडायच्या आधी करा. ह्या क्लिनिकमध्ये माझी सही तर घेतलीच, पण दादाला पण चित्रं दाखवून विचारलं, ही दाढ काढायची का, आणि त्यानं मान हलवली तेव्हाच पुढं गेल्या. एकदा नाही म्हणाला तर त्या दिवशी काम केलं नाही, आणि त्या दिवसाचे पैसे पण घेतले नाहीत.

पैशाचं. सवयीसाठी नुसतं येऊन बसायच्या दिवशी फी नाही, कामाच्या दिवशी नेहमीची फी. बिल व्यवस्थित देतात, नाव, तारीख, काय केलं, सही, शिक्का, औषधाची चिठ्ठी वेगळी, हे मुद्दाम सांगतेय कारण निरामयचा क्लेम करायचा तर हेच कागद लागतात. निरामय म्हणजे राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा, वर्षाला 1 लाखापर्यंत, बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता ह्यांच्यासाठी. बीपीएल घराला नोंदणीचे 250 आणि बाकीच्यांना 500, आधी मेडिकल तपासणी नाही, वयाप्रमाणं हप्ता वाढत नाही, ओपीडी, औषधं, थेरपी पण येतात, दाताच्या तपासणीला वेगळी मर्यादा आहे. खर्च आधी आपण करायचा, मग कागद पाठवायचे. दरवर्षी मुदतीत रिन्यू करायला विसरू नका. अपंगत्वाचं सर्टिफिकेट नसेल तर आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, काढा, त्याशिवाय कुठलंच दार उघडत नाही. आणि ट्रेननं येणार असाल तर बौद्धिक अपंगत्व असलेल्याला आणि बरोबरच्या एका माणसाला स्लीपर आणि सेकंड क्लासला 75 टक्के सवलत आहे, कागद बरोबर ठेवा. गावात व्हीआरडब्ल्यू, म्हणजे पंचायतीचे पुनर्वसन कार्यकर्ते असतात, अर्ज कुठं कसा करायचा ते त्यांना विचारा, त्यांचं कामच ते आहे.

पूर्ण भूल देऊन काम करायला लागणारी माणसं पण असतात, ज्यांना हातच लावू देत नाहीत किंवा एकदम दहा दातांचं काम आहे. ते ह्या क्लिनिकमध्ये होत नाही आणि मॅडम तसं सरळ सांगतात, लटकवत नाहीत. बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, तिकडं चिठ्ठी देतात. एक अडचण आहे, कॉलेजात विशेष मुलांचं काम लहान मुलांच्या विभागात चालतं, तिथल्या लोकांना सवय पण असते, पण आपला माणूस चाळीस वर्षांचा असला की मुलांच्या विभागात बसत नाही आणि मोठ्यांच्या विभागात कुणाला सवय नाही. ह्या मधल्या माणसांचा विचारच कुणी केलेला नाही, म्हणून असं एक क्लिनिक सापडलं तरी मला इतकं लिहावंसं वाटतंय.

घरी घासायचं कसं तेपण त्यांनी हाताला धरून शिकवलं. आपण समोर उभं न राहता मागं उभं राहायचं, दोघं आरशाकडं बघत, आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवून फिरवायचा. मागनं डोक्याला हात लागलेला दादाला चालत नाही म्हणून आम्ही बाजूला उभं राहतो, तसा बदल मॅडमनीच सुचवला. ब्रश मऊ, दांडा जाड करायला सायकलच्या हँडलचं रबर चढवलंय, मूठ बसते. पेस्ट वाटाण्याएवढीच, कारण तो गिळतो. गुळण्या करता येत नाहीत म्हणून औषधाचं पाणी गुळणीला न देता कापसानं हिरडीवर लावायला दिलंय. गोड औषधाच्या बाटल्यांऐवजी गोळी जमत असेल तर गोळी घ्या, रात्री घासून झाल्यावर गोड काही नको. शेजारच्या आजींनी दुखऱ्या दाढेला मिश्री चोळा म्हणून सांगितलेलं, त्याला मॅडमनी साफ नाही म्हटलं, तंबाखूच ती शेवटी.

जाणाऱ्यांसाठी, दुसऱ्या रेल्वे गेटपासून चालत जाता येतं. फोन सकाळी लागत नाही, बारानंतर करा. विशेष माणूस आहे असं आधीच सांगा म्हणजे दुपारची पहिली वेळ देतात, शनिवारची घेऊ नका, त्या दिवशी बाहेरची बाकं भरलेली असतात आणि आवाज असतो. सध्याच्या गोळ्यांची पट्टी आणि जुने रिपोर्ट न्या. आणि व्हीलचेअर असेल तर जिन्याचं अजून तसंच आहे का ते निघायच्या आधी विचारून घ्या. जागा बदलली की मी इथंच येऊन पाचवा स्टार देते.